सार्वजनिक काका : वकीलपत्रातून उभे राहिलेले राजकारण
शिरूर-दौंडचे एकोणिसावे शतक : लेखांक ९

गणेश वासुदेव जोशी (१८२८–१८८०) हे पुण्यातले वकील. 'सार्वजनिक काका' हे नाव त्यांना लोकांनी दिले आणि पुढे मूळ नाव मागे पडून तेच रूढ झाले. महाराष्ट्रात वकिली करता करता राजकारणात उतरलेल्यांची परंपरा फार मोठी आहे. टिळकांनी कायद्याची पदवी घेतली. काकासाहेब गाडगीळ आणि बाळासाहेब खेर हे दोघेही कायद्याच्याच पेशातले. या परंपरेच्या अगदी आरंभी ज्यांची नावे येतात, त्यांत जोशी ठळक आहेत. त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचे अनेक महत्त्वाचे टप्पे शिरूर आणि भीमथडी या दोन तालुक्यांतल्या घडामोडींशी कुठे ना कुठे जोडलेले आहेत. आजच्या दौंड आणि बारामती तालुक्यांचा बराचसा मुलूख तेव्हा भीमथडीत मोडत असे.

त्याच काळात अमेरिकेत वकिलीतून राजकारणात जाण्याची वाट रुळलेली होती. तालुक्याच्या कोर्टात नाव कमवायचे, मग प्रांताच्या कायदेमंडळावर निवडून जायचे आणि तिथून पुढे, असा तो क्रम होता. इलिनॉयमधले वकील अब्राहम लिंकन याच वाटेने १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. मुंबई इलाख्यात ती वाट नव्हती. १८६१ च्या कायद्याने गव्हर्नरच्या कौन्सिलात काही बिनसरकारी सभासद घेतले जाऊ लागले, पण ते सरकारने नेमलेले असत. विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखे नामांकित वकील १८७४ मध्ये तिथे गेले, तेही नेमणुकीनेच. मतदानाने निवडून येण्याची सोय नसलेल्या देशात 'मी लोकांच्या वतीने बोलतो' असे एखाद्याने कशाच्या आधारावर म्हणायचे? या प्रश्नाला जोशींनी दिलेले उत्तर हेच त्यांचे सर्वांत मोठे काम होय.

त्यांचा जन्म साताऱ्याचा. ते वीस वर्षांचे असताना, १८४८ मध्ये, साताऱ्याचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. छत्रपतींची गादी दत्तक नामंजूर करून संपवली जाते आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षे चाललेला अर्जविनंत्यांचा खटाटोप कागदावरच राहतो, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. पुण्यात आल्यावर जोशींनी आधी सरकारी कचेरीत नोकरी केली, मग वकिलीची परीक्षा देऊन सनद मिळवली. हा काळ वकिलांच्या भरभराटीचा होता. १८५९ मध्ये दिवाणी कामाची नवी संहिता आली, १८६२ मध्ये मुंबईत हायकोर्ट सुरू झाले. इनामे, वतने, दत्तके, वाटण्या, कर्जे या सगळ्यांचा निवाडा आता छापील कलमांप्रमाणे होऊ लागला. सरकारची भाषा वाचू शकणारा आणि सरकारला त्याच्याच कायद्याचे कलम दाखवू शकणारा माणूस म्हणजे वकील. गावचा पाटील किंवा पेठेतला शेटजी सरकारपुढे हात जोडून उभा राहत असताना वकील हक्काने उभा राहू शकत होता. ही उभे राहण्याची सवय पुढच्या राजकारणात कामी आली.

पहिला प्रसंग पुण्यातल्या पर्वती संस्थानाचा. पेशव्यांच्या या देवस्थानाचा कारभार नीट चालत नाही, अशी गावात बोलवा होती आणि सरकारकडे दाद मागायची ठरत होती. पण दाद मागणारे कोण आणि त्यांना कोणी नेमले, असा सवाल सरकार करणार हे उघड होते. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली ती या सवालाचे उत्तर घेऊनच. सभेचा सभासद होण्यासाठी किमान पन्नास प्रौढ माणसांनी सही केलेला मुखत्यारनामा आणणे आवश्यक होते. कोर्टात पक्षकार वकिलाला वकीलपत्र देतो, तेव्हाच वकिलाचे बोलणे पक्षकाराचे बोलणे ठरते. जोशींनी हाच नियम सार्वजनिक कामाला लावला. सुरुवातीलाच सुमारे सहा हजार लोकांचे मुखत्यारनामे घेऊन ९५ जण सभासद झाले. औंधचे श्रीमंत श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे अध्यक्ष झाले आणि सभेची प्रत्यक्ष धावपळ जोशींकडे आली.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत, कलकत्त्यात, मद्रासेत सभा पुष्कळ निघाल्या. त्यांपैकी बहुतेक ठिकाणी वर्गणी भरली की माणूस सभासद होई. लोकांची लेखी संमती घेऊनच तोंड उघडायचे, हे बंधन स्वतःवर घालून घेणारी पुण्याची सभा त्यामुळे वेगळी ठरते. मतपेटी नसताना मतदारसंघ उभा करण्याचा तो प्रयत्न होता, आणि तो एका कसलेल्या दिवाणी वकिलालाच सुचावा हे साहजिक होते. या मुखत्यारनाम्यांची मर्यादाही लपवण्यासारखी नाही. ते देणारे आणि घेणारे मुख्यतः सरदार, इनामदार, सावकार, व्यापारी, पेन्शनर आणि वकील होते. घोडनदीच्या काठचा किंवा पाटसच्या माळावरचा कुणबी त्यांत नव्हता. त्याचे दुःख सभेपर्यंत पोहोचले, पण त्याची सही पोहोचली नाही.

त्याचे दुःख काय होते याची तपशीलवार हकीकत या लेखमालेत आधी येऊन गेली आहे. इथे पुढच्या भागासाठी लागेल तेवढीच सांगायची तर, गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ पासून इंदापुरातून सुरू केलेल्या जमाबंदीची तीस वर्षांची मुदत १८६६ नंतर एकेका तालुक्यात संपत गेली. नवी आकारणी झाली ती अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढवून ठेवलेल्या वर्षांचा हिशेब धरून. ते युद्ध १८६५ मध्ये थांबले आणि भाव कोसळले. शेतसारा मात्र चढाच राहिला. इंदापुरात तो निम्म्याहून अधिक वाढला. शिरूर आणि भीमथडीचा पूर्वेकडचा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. तिथल्या जमिनीला बाजरी-ज्वारीचे एक बरे वर्ष आले तर दोन वाईट येत. सारा रोख भरायचा म्हणजे सावकाराच्या पेढीची पायरी चढणे आले.

सावकारी जुनीच होती, पण तिच्या हाती आता कोर्ट आले होते. १८५९ च्या मुदत कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावायला तीनच वर्षे ठेवली. हेतू कुळाचे रक्षण करण्याचा होता, पण दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची चाल पडली आणि शंभराचे दोनशे, दोनशेचे पाचशे होत गेले. दावा लागला की समन्स येई. शेतकरी कोर्टात हजर राहत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई आणि जप्तीचा बेलिफ दारात उभा राही. रोख्यावर अंगठा आहे ना, एवढेच कोर्ट पाही. मूळ रक्कम किती दिली होती हे विचारण्याची कायद्यात सोयच नव्हती. या दाव्यांमध्ये सावकाराच्या बाजूने वकील उभे राहत आणि त्यांची फीही कुळाच्याच डोक्यावर बसे. म्हणून जोशींच्या पेशाकडे शेतकरी कोणत्या नजरेने पाहत असेल, हे समजणे कठीण नाही.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे राहते घर पाडायला घेतले. गाव एक झाले. सावकाराची शेते कोणी करायची नाहीत, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणी भरायचे नाही, दुकानातून काही घ्यायचे नाही, असे ठरले आणि त्याला गाव सोडून शिरूरला जावे लागले. आसपासच्या गावांनी हाच कित्ता गिरवला. कित्येक गावांत तसे करारनामे लिहून त्यांवर गावकऱ्यांच्या सह्या-अंगठे घेतले गेले आणि करार मोडणाऱ्याला जातीबाहेर टाकण्याचे कलम त्यात घातले गेले. पुण्यातला मुखत्यारनामा आणि शिरूरच्या गावांतला हा करारनामा हे दोन्ही कागद एकाच दशकातले आहेत. लिखित संमतीतून सामूहिक बळ उभे करण्याची बुद्धी दोन्हींत एकच आहे. महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात पहिल्या कागदाला जेवढे स्थान मिळाले, तेवढे दुसऱ्याला मिळालेले नाही, आणि ते मिळायला हवे.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला, आठवड्याच्या बाजारात, बहिष्काराचे रूपांतर दंग्यात झाले. सावकारांची घरे-दुकाने लुटली गेली, पण दंगेखोरांचे मुख्य लक्ष कर्जरोखे आणि खातेवह्या यांच्यावर होते. त्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. भीमथडी, इंदापूर, हवेली, शिरूर आणि नगर जिल्ह्यातले शेजारचे तालुके काही आठवडे पेटले. एकूण ९५१ जणांना अटक झाली आणि त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

सार्वजनिक सभेने दंग्याच्या आधीच या प्रश्नात हात घातला होता. इंग्लंडात हिंदुस्थानच्या आर्थिक कारभाराची चौकशी चालू असताना सभेने पोटसमिती नेमून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची स्थिती आणि वाढलेला सारा यांवर १८७३ मध्ये सविस्तर अहवाल तयार केला. १८७१ च्या अखेरीस महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले होते. आकडे जमवणे, त्यांतून युक्तिवाद रचणे हे काम रानड्यांचे आणि माणसे जमवणे, सभा भरवणे, अर्जांवर सह्या गोळा करणे, अधिकाऱ्यांना भेटणे हे जोशींचे. रानडे सरकारी नोकर असल्यामुळे उघडपणे पुढे येऊ शकत नव्हते, जोशी येऊ शकत होते. सभेच्या पहिल्या दहा वर्षांचे श्रेय बहुतेक ठिकाणी रानड्यांच्या नावावर लिहिले जाते. जोशींच्या पायपिटीशिवाय ते अहवाल टेबलाच्या खणात पडून राहिले असते.

कोर्टाच्या खर्चातून आणि फसवणुकीतून लोकांना सोडवण्यासाठी जोशींनी पुण्यात लवाद कोर्ट उभे केले. दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या पंचांपुढे दिवाणी तंटा न्यायचा आणि तडजोडीने मिटवायचा, अशी ही व्यवस्था १८७६ च्या सुमारास सुरू झाली. जुन्या पंचायतीची पद्धत आणि नव्या दिवाणी कायद्यातली लवादाची तरतूद यांची सांगड तीत होती. फीवर जगणाऱ्या वकिलाने फी न लागणारे कोर्ट काढावे, यात त्यांच्या वृत्तीची पारख होते.

दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या कमिशनच्या अहवालानंतर १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले, गावपातळीवर मुनसफ नेमण्याची सोय केली आणि दावा लावण्यापूर्वी तडजोड करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे जाणे बंधनकारक केले. तडजोडीच्या या पायरीत लवाद कोर्टाच्या कल्पनेशी जवळचे नाते दिसते. कायद्यात आणखी एक तरतूद होती. तडजोड अधिकारी आणि गावचा मुनसफ यांच्यापुढे, तसेच शंभर रुपयांच्या आतल्या प्रकरणांत, वकिलांना उभे राहायला मनाई होती.

दंगे शमले तोच दुष्काळ आला. १८७६ चा पाऊस गेला आणि पूर्व पुणे, नगर, सोलापूर हा सगळा पट्टा होरपळला. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे धाडून प्रत्यक्ष स्थितीच्या हकीकती मागवल्या आणि त्या सरकारकडे पाठवत राहिली. पिके किती बुडाली, धान्याचा भाव काय, गुरे कितीला विकली, किती लोक गाव सोडून गेले, असा तो पुरावा होता. सरकारी कागदात दुष्काळ सौम्य दिसत असला, तरी या हकीकतींमुळे तो तसा दाखवणे अवघड झाले. १८७७ च्या आरंभी दुष्काळी कामांसाठी नेमलेले सरकारी प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने दुष्काळी कामांवरची मजुरी कमी केली आणि ती मोठ्या माणसामागे रोज एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली. तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. सभेने त्यांची बाजू उचलून धरली. साक्षीपुराव्याची वकिली शिस्त इथे पक्षकाराऐवजी एका संबंध मुलखासाठी वापरली गेली.  

जोशींचे स्वदेशीचे व्रतही याच काळातले. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी हातच्या सुताचे कापड वापरण्याची शपथ घेतली आणि ती शेवटपर्यंत पाळली. देशी मालाच्या विक्रीसाठी दुकाने काढली आणि गावोगाव व्याख्याने दिली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्रियांसाठी स्त्रीविचारवती सभा चालवली. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनचा दरबार भरला, तेव्हा सभेचे प्रतिनिधी म्हणून जोशी तिथे गेले ते जाड्याभरड्या खादीत. हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय आणि सामाजिक दर्जा मिळावा, अशी मागणी सभेच्या मानपत्रात होती. रत्नजडित संस्थानिकांच्या त्या मेळाव्यात सहा हजार लोकांच्या मुखत्यारनाम्यांच्या जोरावर आलेला हा वकील सर्वांत साधा पोशाख केलेल्यांपैकी असला पाहिजे.

स्वदेशीची ही व्याख्याने ऐकणाऱ्यांत पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यातला एक कारकून होता, वासुदेव बळवंत फडके. दुष्काळात त्याने गावे पायी पालथी घातली, लोकांची उपासमार पाहिली आणि अर्जांवरचा त्याचा विश्वास उडाला. रामोशी आणि इतर साथीदार जमवून त्याने सशस्त्र बंड उभारले. त्यातला पहिला छापा २३ फेब्रुवारी १८७९ रोजी पडला तो शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर. पाच महिन्यांनी, जुलैमध्ये, मेजर डॅनियलने फडक्यांना विजापूरकडच्या मुलखात पकडले आणि खटला पुण्यात चालला.

या खटल्यात फडक्यांचे वकीलपत्र घेणे ही सोपी गोष्ट नव्हती. मे महिन्यात पुण्यातले विश्रामबागवाडा आणि बुधवारवाडा जळाले होते. सरकार पुण्यातल्या सुशिक्षितांकडे संशयाने पाहत होते आणि रानड्यांची बदली धुळ्याला झाली होती. सार्वजनिक सभेचा प्रमुख कार्यकर्ता बंडखोराच्या बाजूने उभा राहिला, तर सभेवरही बालंट येणार हे स्पष्ट होते. जोशी उभे राहिले, आणि तेही फी न घेता. पुढे आनंदाश्रम संस्था काढणारे महादेव चिमणाजी आपटे त्यांच्या जोडीला होते. अमेरिकन राजकारणातल्या आरंभीच्या वकिलांपैकी जॉन ॲडम्स यांनी १७७० मध्ये बोस्टनमध्ये गोळीबार केलेल्या ब्रिटिश सैनिकांचा बचाव केला होता. त्यांना रोष पत्करावा लागला तो स्वतःच्या गावाचा, जोशींना राज्यकर्त्यांचा. आरोपीला बचाव मिळालाच पाहिजे, ही निष्ठा दोघांची सारखीच. फडक्यांच्या मार्गाशी जोशींचा मार्ग जुळत नव्हता. कायद्याच्या चौकटीत राहून झगडायचे, ही त्यांची रीत होती. त्यामुळेच हे वकीलपत्र त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत कसोटीचे ठरते.

फडक्यांची रोजनिशी आणि आत्मवृत्त पोलिसांच्या हाती पडले होते. सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याचा हेतू त्यांच्याच अक्षरात लिहिलेला असताना बचावाला फारसा वाव नव्हता. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फडक्यांना एडनला पाठवण्यात आले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला. त्याआधीच, २५ जुलै १८८० रोजी, जोशी हृदयविकाराने गेले. तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. कर्जनिवारणाचा कायदा अमलात येऊन त्या वेळी वर्षही झालेले नव्हते.

सभा त्यांच्यामागे चालू राहिली. १८७८ मध्ये सुरू झालेले तिचे इंग्रजी त्रैमासिक सीताराम हरी चिपळूणकर आणि रानडे यांनी नावारूपाला आणले. १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेचे (काँग्रेसचे) पहिले अधिवेशन पुण्यातच भरायचे होते आणि यजमान सार्वजनिक सभाच होती. पटकीची साथ आल्याने ते ऐन वेळी मुंबईला हलवावे लागले. १८९५ मध्ये सभा टिळकांच्या पक्षाकडे गेली आणि रानडे-गोखले यांनी पुढच्या वर्षी डेक्कन सभा स्थापन केली. १८९६ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेची माणसे पुन्हा खेडोपाडी गेली. पीक बुडालेल्या शेतकऱ्याला सारामाफीचा वा तहकुबीचा कायद्याने काय हक्क आहे, हे ती गावोगाव समजावून सांगू लागली. १८९७ मध्ये मुंबई सरकारने सभेशी पत्रव्यवहार बंद केला आणि लोकांच्या वतीने सरकारला काही कळवण्याचा तिचा अधिकार यापुढे मान्य केला जाणार नाही असे जाहीर केले.